दादाची सीडी आणि क्वेक थ्रीची नव्यानं जुळवाजुळव

दादा कपाट आवरत होता. मधेच त्याचा फोन आला. "अगं, क्वेक थ्रीची सीडी सापडली. ठेवू की टाकू?"

"हात लावू नकोस तिला," मी म्हटलं. "बॅगेत घाल आणि येताना घेऊन ये."

हा खेळ आम्ही दोघांनी शेकडो तास खेळलाय, पण एकमेकांविरुद्ध एकदाही नाही. घरात मशीन एकच होतं. एकानं खेळायचं, दुसऱ्यानं शेजारी स्टुलावर बसून बघायचं आणि हरलं की खुर्ची सोडायची, असा नियम. क्वेक थ्री अरीना हा बंदुकांच्या चकमकींचा खेळ, मुळातच माणसांनी माणसांशी खेळावा म्हणून बनवलेला. त्यात कथा नाही, मोहीम नाही, नुसती रिंगणं. आणि आम्ही मात्र वर्षानुवर्षं त्यातल्या बॉटनाच, म्हणजे कॉम्प्युटरनं चालवलेल्या खेळाडूंनाच, मारत बसलो. सार्ज, व्हायझर, क्लेस्क, आणि सगळ्यांच्या शेवटी तो झेरो, ज्यानं दादाला कित्येक रात्री झोपू दिलं नाही. यावेळी ठरवलं होतं, तीन मशीनं मांडायची. एकावर मी, एकावर दादा आणि तिसऱ्यावर माझा भाचा. तो कॉलेजात कॉम्प्युटर शिकतोय. सीडी हातात घेऊन त्यानं पहिला प्रश्न विचारला, "आत्या, हे अजून चालतं?"

चालतं. पण सीडीतून जसंच्या तसं नाही.

या खेळाशी माझी पहिली ओळखच एका एररनं झाली होती. खेळ आला डिसेंबर १९९९ मध्ये. आधीचे दोन्ही क्वेक थ्रीडी कार्ड नसलं तरी प्रोसेसरच्या जिवावर चालायचे. तिसऱ्यात खेळ बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरनं ती सोयच ठेवली नाही. आमच्या मशीनमध्ये कार्ड नव्हतं. इन्स्टॉल व्यवस्थित झालं, आयकॉनवर क्लिक केलं, आणि समोर आली एक साधी खिडकी, ओपनजीएल, म्हणजे कार्डाकडून चित्र काढून घेणारी सबसिस्टिम, लोड करता आली नाही असं सांगणारी. कार्ड येईपर्यंत आम्ही सीडीची वेष्टनं वाचून काढली. आता गंमत बघा, आज त्याच जुन्या एक्झीला, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या फाइलला, उलट कारणानं ठेच लागते. ग्राफिक्स कार्ड आपल्याला काय काय जमतं त्याची यादी खेळाला देतं. १९९९ मध्ये ती यादी आटोपशीर होती, म्हणून खेळात तिच्यासाठी ठरावीक मापाची जागा राखलेली. आजच्या कार्डाची यादी त्या जागेत मावत नाही, आणि खेळ सुरू होता होताच कोसळतो. कोसळला की जाताना स्क्रीनचा उजेड बदलून जातो तो वेगळाच, कारण जुना क्वेक अख्ख्या मॉनिटरचा गॅमा, म्हणजे उजेडाची पातळी, स्वतःच्या हातात घेतो. माझ्या मशीनवर दोन्ही झालं. डेस्कटॉप पांढराफटक पडला आणि रीस्टार्ट करावं लागलं.

म्हणून जुनी एक्झी बाजूला ठेवली आणि आयओक्वेक३ घेतलं. ऑगस्ट २००५ मध्ये आयडीनं क्वेक थ्रीचा सोर्स कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला केला. त्या कोडवर अनेकांनी मिळून केलेली दुरुस्ती म्हणजे आयओक्वेक३. यादीचा तो घोळ त्यात निस्तरलेला आहे, रुंद स्क्रीन चालते, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर खेळता येतं. भाच्याला मी तो कोड उघडून दाखवला. वर्गमुळाचा व्यस्त झटपट काढायची ती प्रसिद्ध चार-पाच ओळींची युक्ती, दशांश संख्येच्या बिटांना पूर्णांक समजून, निम्मं करून एका विचित्र स्थिरांकातून वजा करणारी, याच कोडमध्ये आहे. तो बराच वेळ त्या ओळींकडे बघत बसला. कोड खुला केला नसता तर आज आम्ही तिघं हा खेळ खेळूच शकलो नसतो, हे मला मनापासून वाटतं.

पण खुला झाला तो फक्त कोड. नकाशे, मॉडेलं, आवाज, भिंती-जमिनींवरचे पोत हे सगळं अजून कंपनीच्या मालकीचं आहे आणि ते पाक०.पीके३ नावाच्या एका फाइलमध्ये असतं. ती तुमच्या सीडीवरून घ्या, किंवा स्टीम नाहीतर गॉग या ऑनलाइन दुकानांतून खेळ विकत घेऊन त्याच्या बेसक्यू३ फोल्डरमधून उचला. कुठल्या तरी अनोळखी साइटवरून ‘पूर्ण क्वेक, एका क्लिकमध्ये’ असलं काही उतरवू नका. आत काय भरलंय हे कुणालाच ठाऊक नसतं. पैसे खर्चायचे नसतील तर ओपनअरीना आहे. त्याच इंजिनवर चालतं आणि त्यातला सगळाच मालमसाला मुक्त आहे. रूप वेगळं आहे, पण हात तोच लागतो.

आमच्याकडे सीडी होती, त्यामुळे प्रश्न नाही असं वाटलं. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह लावला, पाक०.पीके३ कॉपीला टाकली. पाऊण पट्टी भरल्यावर ड्राइव्ह घरघरायला लागला आणि काम अडलं. सीडीवर एक लांब ओरखडा होता. सीडी पुसताना गोल गोल पुसायची नसते, मधल्या भोकापासून सरळ कडेकडे पुसायची. कारण माहिती गोलाकार वाटेनं लिहिलेली असते आणि गोल पुसताना नवा ओरखडा पडला तर तो त्या वाटेच्या बाजूनं लांबवर खात जातो. आडवा ओरखडा मात्र ड्राइव्हची चूक-दुरुस्ती बऱ्याचदा सांभाळून घेते. मऊ कापडानं तशी पुसली. दुसऱ्यांदा कॉपी शेवटपर्यंत गेली, पण खेळ सुरू होताच अडला. मग फाइलचं माप बघितलं. ४७,९४,९३,६५८ बाइट भरायला हवेत, म्हणजे साधारण ४५७ एमबी. माझी फाइल तोकडी होती. शेवटी दादाच्या जुन्या डेस्कटॉपचा ड्राइव्ह कामी आला. तो संथ आहे, पण एकेका जागी पुन्हा पुन्हा वाचत राहतो. बाइट न बाइट जुळली तेव्हा दादानं हुश्श केलं.

पाक० नंतर आणखी आठ फाइली लागतात, पाक१ ते पाक८. त्या १.३२ या शेवटच्या अधिकृत दुरुस्तीबरोबर आलेल्या आहेत. आयओक्वेक३च्या साइटवर परवाना मान्य केला की मिळतात. नऊच्या नऊ फाइली बेसक्यू३ मध्ये ठेवायच्या. त्या उलगडायच्या नाहीत. पीके३ म्हणजे नाव बदललेली झिपच असते आणि उत्सुकतेपोटी आत डोकवायला हरकत नाही, पण खेळाला ती बंदच हवी असते.

इथपर्यंत आलात की खेळ सुरू होतो. बरेच जण इथेच थांबतात, चार फेऱ्या खेळतात आणि ‘हात बसत नाही’ म्हणून सोडून देतात. हात न बसण्याचं कारण मांडणीत असतं, आणि ती मांडणी दुसऱ्याची कॉन्फिग, म्हणजे सेटिंग्जची, फाइल उचलून आणल्यानं बसत नाही. भाच्यानं नेमकं तेच केलं होतं. कुणा नामांकित खेळाडूची म्हणवली जाणारी दोनशे ओळींची फाइल आणून टाकली होती. त्यामुळे भिंती मेणासारख्या सपाट झाल्या, बंदूक दिसेनाशी झाली आणि उडी भलत्याच कळीवर गेली. मी ती काढून टाकायला लावली. पाच-सहा ओळी पुरतात. फक्त प्रत्येक ओळ का लिहिली हे आपल्याला माहीत हवं.

त्या ओळी कुठे लिहायच्या, यातच माझी एक संध्याकाळ गेली. खेळाच्या फोल्डरमधली क्यू३कॉन्फिग फाइल बदलत होते आणि काहीच फरक पडत नव्हता. विंडोजवर आयओक्वेक३ स्वतःच्या सेटिंग्ज ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरमधल्या क्वेक३ मध्ये ठेवतं आणि तिथली फाइल आधी मानतं. शिवाय ती फाइल खेळ स्वतःच पुन्हा पुन्हा लिहून काढतो. म्हणून तिच्या शेजारी ऑटोएक्झेक.सीएफजी नावाची आपली फाइल करायची. खेळ तिला हात लावत नाही आणि सुरू होताना शेवटी वाचतो. नोटपॅडमधून साठवताना विंडोज गुपचूप मागे टीएक्सटी चिकटवतं, तेवढं एक्सटेन्शन दाखवायची सोय चालू करून तपासा. (आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. तुम्ही अर्थातच रोमन अक्षरांत टाइप कराल. आणि कन्सोल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायची टिल्डची कळ दाबून काही होत नसेल तर आधी कीबोर्ड मराठीवर राहिलाय का ते बघा. माझा राहिला होता. शिफ्ट आणि एस्केप मिळूनही कन्सोल उघडतं.)

पहिली ओळ स्क्रीनची. आर_मोड उणे २ लिहिलं की खेळ डेस्कटॉपचंच रिझोल्यूशन घेतो. त्याच्या जोडीला सीजी_एफओव्ही, म्हणजे नजरेचा आडवा कोन. मुळातला ९० अंशांचा कोन चौकोनी ४:३ मॉनिटरसाठी होता. १६:९ च्या पडद्यावर तेवढाच ठेवला तर वरचं-खालचं कापलं जातं आणि डोळ्यांवर झापडं लावल्यासारखं होतं. उभा कोन पूर्वीइतकाच राहावा तर आडवा १०६ लागतो. मी १०६ वरच थांबले. दादाला १२० हवा होता, मग लांबचा माणूस ठिपक्याएवढा दिसायला लागल्यावर तोही खाली आला.

आता माऊस, कारण अर्धा खेळ तिथेच जमतो किंवा बिघडतो. आधी विंडोजमधली पॉइंटर प्रिसिजन वाढवायची खूणचौकट बंद करा. ते चालू असताना हात किती वेगानं हलला यावर वळण ठरतं, आणि मग हाताला अंतराची सवय लागतच नाही. त्यानंतर हिशोब. माऊसनं पाठवलेल्या एका टिचकीमागे क्वेक ०.०२२ अंश गुणिले सेन्सिटिव्हिटी इतका वळतो. सेन्सिटिव्हिटी मुळात ५ असते. ८०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ८०० टिचक्या पाठवणाऱ्या, माऊसवर याचा अर्थ स्वतःभोवती पूर्ण गिरकी अवघ्या दहा सेंटिमीटरांत. १६०० डीपीआयवर पाच सेंटिमीटरांत! भाच्याचा माऊस १६०० वर होता, आणि मनगट जरा हललं की त्याची पाठ शत्रूकडे. तो बिचारा स्वतःला दोष देत होता. मी त्याच्या टेबलावर पट्टी ठेवली. ८०० डीपीआय, सेन्सिटिव्हिटी २, म्हणजे गिरकीला साधारण सव्वीस सेंटिमीटर. सुरुवातीला त्याला हात चिखलात रुतल्यासारखा वाटला. तिसऱ्या दिवशी त्याच्या रेलगनच्या गोळ्या लागायला लागल्या. तुमचा आकडा वेगळा येईल, पण तो सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. माऊस बदलला तरी गिरकीचं अंतर तेच ठेवता येतं.

फ्रेमरेटचा भाग मला सगळ्यात आवडतो. कॉम_मॅक्सएफपीएस, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त किती फ्रेम (चित्रं) काढायच्या तो आकडा, मुळात ८५ असतं. ते १२५ करायचं, आणि यात नुसत्या चित्राच्या सफाईचा प्रश्न नाही. क्वेकमध्ये तुमची उडी फ्रेमच्या हिशोबानं मोजली जाते आणि फ्रेमचा वेळ पूर्ण मिलिसेकंदांत धरला जातो. १२५ म्हणजे बरोबर आठ मिलिसेकंद. खेळाच्या मापात गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला वेगातून ८०० एकक कमी करतं, म्हणून एका फ्रेममध्ये वेगातून ६.४ जायला हवेत. पण वेग दर फ्रेमला पूर्णांकात बसवला जातो, ६.४ चे ६ होतात आणि तुम्ही जरा हलके होता. ८५ ला फ्रेम अकरा मिलिसेकंदांची, ८.८ चे ९ होतात आणि तुम्ही जड होता. उडीची उंची जेमतेम ४५ एककांवरून ४८ च्या वर जाते. तीन एककं म्हणजे काहीच नाही, पण एखादा कठडा तेवढ्यानंच हाती लागतो किंवा सुटतो. लहानपणी दादा जिथे चढायचा तिथे मी चढू शकायचे नाही. मशीन एकच आणि सेटिंगही तेच होतं, त्यामुळे तो खरोखरच माझ्याहून चांगला उड्या मारायचा हे मान्य आहे. पण आज वेगवेगळ्या मशीनवर खेळताना हा फरक राहू नये म्हणून सर्व्हरवर, म्हणजे सामना चालवणाऱ्या मशीनवर, पीमूव्ह_फिक्स्ड १ केलं. मग सगळ्यांचं चालणं-उडणं आठ मिलिसेकंदांच्या मापानं मोजलं जातं. भाच्याचा लॅपटॉप साठाच्या वर जात नव्हता, कारण व्हीसिंक, म्हणजे फ्रेमरेट पडद्याच्या वेगाला बांधणारी सोय, चालू होतं. आर_स्वॅपइंटर्व्हल शून्य केल्यावर सुटला.

सीजी_ऑटोस्विच शून्य करा. नाहीतर रॉकेट हातात घेऊन धावताना वाटेतली शॉटगन पायाखाली आली की हातात शॉटगन येते, आणि समोरचा थांबून राहत नाही. शस्त्रं आकड्यांवर शोधत बसण्यापेक्षा बोटांजवळच्या कळींवर घ्या. मी रॉकेट क्यूवर, रेलगन ईवर, लाइटनिंग आरवर ठेवते. खेळात त्यांचे क्रमांक ५, ७ आणि ६. पोत सपाट करणारं आर_पिकमिप मी मात्र वाढवत नाही. शत्रू उठून दिसतो हे खरं, पण त्या दगडी कमानी आणि गंजकी दारं पुसून टाकायची असतील तर क्वेक थ्री लावायचाच कशाला? हेडफोन लावा. रेलगन हातात असलेला माणूस कोपऱ्यामागे उभा असला तरी तिची गुणगुण ऐकू येते. आणि चिलखत उचललं की ते २५ सेकंदांनी परत येतं, मेगाहेल्थ ३५ सेकंदांनी. हे आकडे माझ्या डोक्यात तेव्हापासून आहेत, फोन नंबर गेले.

राहिलं नेटवर्क. माझ्या मशीनवर मल्टिप्लेअरमधून क्रिएट केलं, डेडिकेटेड (मशीन नुसतं सर्व्हर म्हणून चालवायची सोय) बंद ठेवलं. भाच्याला यादीत सर्व्हर दिसला, दादाला दिसेना. त्याच्याकडे सोर्स लोकलवर आहे ना बघितलं, होता. मग कन्सोलमध्ये कनेक्ट लिहून माझ्या मशीनचा आयपी दिला, तरी वाट बघत राहिला. दोष फायरवॉलचा निघाला. विंडोजनं त्याचं नेटवर्क सार्वजनिक धरलं होतं. ते खाजगी केलं, आयओक्वेक३ला परवानगी दिली, आणि माझ्या बाजूला यूडीपीचा २७९६० पोर्ट मोकळा आहे याची खात्री केली. लगेच जोडला गेला. तुमच्याकडे एवढं करूनही जमलं नाही तर राउटरमध्ये वायफायवरच्या मशीनना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी सोय चालू आहे का बघा. आणि कुणी बाहेरचा नकाशा आणला असेल तर त्याची पीके३ सगळ्यांकडे सारखी असू द्या. शुद्धतेची अट, म्हणजे एसव्ही_प्युअर, चालू असताना सर्व्हरकडे नसलेली फाइल तुमच्याकडे असून उपयोग नसतो.

पहिला सामना क्यू३डीएम१७, द लाँगेस्ट यार्ड. अवकाशात तरंगणारे ते चौथरे, उडवून लावणारे पॅड, आणि खाली काही नाही. भाच्यानं पहिल्याच मिनिटात दादाला हवेत असताना रेलगननं टिपलं. दादा मोठ्यानं हसला, आणि मग पुढची दहा मिनिटं एक शब्द बोलला नाही. रॉकेट तो अजून तसाच मारतो, माणसावर नाही तर त्याच्या पायाजवळच्या जमिनीवर. मला वाटलं होतं हात विसरले असतील.

मग टूर्नामेंट लावलं, क्यू३टूर्नी२ वर. यात दोघंच खेळतात, तिसरा बघतो, आणि हरणाऱ्याला खेळ स्वतःच उठवून रांगेच्या शेवटी नेतो. दादा आणि मी. तीन वेळा मी चिलखताची वेळ साधली, चौथ्यांदा तो आधीच तिथे उभा होता. शेवटच्या मिनिटाला मी एकानं पुढे होते आणि तेवढ्यावरच वेळ संपली.

दादा स्क्रीनवर प्रेक्षकांत गेला. समोर त्याचं स्वतःचं मशीन होतं, जागा सोडायची काहीच गरज नव्हती. पण तो उठला, खुर्ची मागे सरकवली आणि माझ्या शेजारी येऊन बघत उभा राहिला.